आमचा पहिला रावस

गेली सोळा वर्षे आम्ही या शाळेत भूगोल शिकवीत आहो. या अवधीत भरती-ओहोटीचा पाठ आम्ही प्रतिवर्षी नेमाने शिकविला आणि प्रतिवर्षी फळ्यावर तेच चित्र काढले. मध्ये पृथ्वीचा वाटोळा गोळा, त्याभोवती निळ्या खडूने रंगविलेले लांबट पाणी आणि एका बाजूस पिवळ्या खडूचा चंद्र. चित्र सुबक येते अशी आमची ख्याती आहे. परंतु वाचकहो, आता कबूल करावयास हरकत नाही की, गेल्या दिवाळीपर्यंत आम्ही भरती अशी कधी पाहिलीच नव्हती. समुद्र पाहिला होता. मुंबईस गेलो असता चौपाटीवर उभे राहून भेळही खाल्ली होती. पण ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर बसावे, पाणी वळेपर्यंत थांबावे आणि वळलेले पाणी आपल्या गुडघ्याशी येईतो पाहत राहावे, हे आमच्या हातून कधी घडले नव्हते.

यात सर्वस्वी आमचाच दोष आहे असेही नाही. आमचे छत्रपती संभाजीनगर हे डोंगरांचे, लेण्यांचे आणि दरवाजांचे शहर. आगगाडीने मुंबई गाठावयाची म्हणजे साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास, समुद्र त्यानंतर. माशांशी आमचा परिचय म्हणाल, तर तो दोनच ठिकाणचा. पाणचक्कीच्या हौदातील माशांना आम्ही लहानपणी चुरमुरे टाकले होते. आणि पैठणच्या नाथसागरातून बाजारात येणाऱ्या रोहू-कटल्याचा भाव आम्ही घरच्या आज्ञेवरून घासाघीस करून उतरवीत असू. मासा पाण्यातून टोपलीत कसा येतो, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही.

प्रश्न पडणे ही किती मोलाची गोष्ट आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले, आणि ज्याच्यामुळे कळले त्याचा आम्ही प्रथम अपराध केला. तो प्रसंग सांगितल्यावाचून पुढची हकीकत सांगण्यात अर्थ नाही.

चालू शालेय वर्षाच्या आरंभीची गोष्ट. इयत्ता नववीच्या वर्गात आम्ही आमचे प्रसिद्ध चित्र नुकतेच पुरे केले होते. इतक्यात शेवटच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. त्याचे नाव येथे लिहीत नाही. मुलगा अबोल, वर्षभरात एकदोनदाच तोंड उघडणारा. तो म्हणाला, "सर, चंद्र पाण्याला आपल्याकडे ओढतो हे समजले. पण ज्या बाजूला चंद्र नाही, त्या बाजूचे पाणी का फुगते?"

आम्ही फळ्याकडे पाहिले. सोळा वर्षे आम्ही पाणी दोन्ही बाजूंस फुगवीत आलो होतो. ते पलीकडच्या बाजूस का फुगते, हे आम्ही कधी मनाशी नीट उलगडून पाहिले नव्हते. तास संपावयास अजून दहा मिनिटे होती. त्या क्षणी "मला नीट सांगता येणार नाही, पाहून सांगतो" एवढे सात शब्द उच्चारले असते, तर काही बिघडले नसते. पण शिक्षकाच्या जिभेस हे सात शब्द फार जड असतात. आम्ही म्हणालो, "शेवटच्या बाकावर बसून पुस्तकाबाहेरच्या शंका काढणारांनी आधी पुस्तकातले पाठ करावे." वर्ग हसला. मुलगा खाली बसला. त्या दिवसानंतर त्याने आमच्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. सहामाही परीक्षेत त्याने भरती-ओहोटीच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातील शब्दांत बिनचूक लिहिले होते. आम्ही त्यास पूर्ण गुण दिले; पण ते देताना मनास समाधान वाटले नाही.

पुढे दिवाळीची सुट्टी लागली. आमच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांची बदली त्याच वर्षी रेवदंड्यास झाली होती. "दादा, या वेळची भाऊबीज आमच्याकडे," असे तिचे निक्षून बोलावणे आले. देवगिरी एक्सप्रेसने मुंबई, तेथून लाँचने मांडवा, मांडव्याहून अलिबाग आणि मग रेवदंडा, असा प्रवास करून आम्ही भाऊबीजेच्या दुपारी जाऊन पोचलो. रेवदंडा हे कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले गाव. पोर्तुगीजांनी बांधलेल्या रेवदंड्याच्या कोटाची पडकी तटबंदी, दक्षिणेस खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला, आणि गावात नारळी-पोफळीच्या दाट वाड्या. बहिणीने ओवाळले, जेवावयास रावसाच्या तुकड्या वाढल्या, आणि आम्ही पहिला घास घेऊन विचारले, "हा कोणता मासा?" यावर आमचा दहा वर्षांचा भाचा पोट धरून हसला. "मामा, तुम्हांला रावस ठाऊक नाही?"

रावस कसा धरतात ते आपण पाहावे, किंबहुना स्वतः एक धरूनच परत जावे, हा हट्ट आमच्या मनात त्याच पंक्तीस उत्पन्न झाला.

बहिणीच्या शेजारी एक वृद्ध कोळी गृहस्थ राहत. उमेदीच्या काळी मोठ्या नौकेवर तांडेल होते; आता मुलगे नौका चालवितात आणि हे किनाऱ्यावरून किंवा लहानशा होडीतून घरापुरते गरवतात. सारे त्यांस तांडेलकाका म्हणत. आम्हीही तसेच म्हणू लागलो. ते आम्हांस "मास्तर" म्हणत. आम्ही शिकण्याची इच्छा दर्शविताच त्यांनी आमच्या पायांतील बुटांकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "उद्या तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन. सकाळी आठाला या. आनि ते बूट घरी ठेवा."

तीन पाऊणे सव्वादोन! आमच्या लहानपणी पंतोजी पाऊणकी घोकून घेत असत. ती पुढे कशाच्या उपयोगी पडली नाही, असे आम्ही आजवर समजत होतो. त्या रात्री भाच्याने उलगडा केला. तिथीला पाऊणने गुणिले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीयेस सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोन आणि रात्रीही सुमारे सव्वादोन. चतुर्थीस तीन, षष्ठीस साडेचार, अष्टमीस सहा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीपूर्वी सुमारे सव्वासहा तास ओहोटीची वेळ. चंद्र प्रतिदिवशी सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही तितकीच मागे सरकते. या नियमात पाऊण तास धरलेला असल्यामुळे तो थोडा मागेपुढे होतो, पण किनाऱ्यावर जावयाचे तेव्हा निघावे हे त्यावरून बिनचूक समजते. आमच्या फळ्यावरील चित्रातून मात्र एकाही विद्यार्थ्यास भरती किती वाजता येईल हे सांगता आले नसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

येथे रावसाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. हॉटेलांच्या यादीत त्यास 'इंडियन सॅमन' असे भारदस्त नाव असते. पण खऱ्या सॅमनशी त्याचे काही नाते नाही. सॅमन हा उत्तरेकडील थंड समुद्रांतील मासा. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यास पुन्हा आपल्या जन्मनदीत, पाण्याच्या गंधाचा माग काढीत, प्रवाहाविरुद्ध चढून येतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर नवशिके लोकही लहान होडीत बसून त्याची शिकार करावयास शिकतात. आमचा रावस असा डोंगर चढत नाही. तो किनाऱ्याजवळच्या उथळ, गढूळ पाण्यात आणि खाड्यांच्या मुखांशी राहतो. रंग रुपेरी, पाठ किंचित करडी, नाकाड बोथट व पुढे आलेले, तोंड त्याच्या खालच्या अंगास. डोळ्यावर दुधी काचेसारखा पडदा असतो. आणि सर्वांत नवल म्हणजे कल्ल्याजवळच्या पराखाली दोन्ही बाजूंस चार-चार मोकळे धागे. गढूळ पाण्यात जेथे डोळ्यांचे चालत नाही, तेथे तो या धाग्यांनी तळ चाचपून कोळंबी शोधतो. शास्त्रीय नावातील 'टेट्राडॅक्टिलम' म्हणजे 'चार बोटांचा', ते यावरूनच.

दुसरे दिवशी आठाच्या ठोक्यास आम्ही अनवाणी हजर झालो. तांडेलकाकांनी सामान दाखविले. ते इतके थोडे होते की, आमचा विरस झाला. एका बाटलीला गुंडाळलेला शंभरएक हात तंगूस, टोकाशी एक गळ, गळापासून हातभर वर शिशाचा लहानसा तुकडा, आणि डबीत जिवंत कोळंबी. शिसे किती जड असावे? आमिष तळाशी टिकेल पण प्रवाहाबरोबर हळूहळू सरकेल, इतपत. फार जड झाले तर आमिष मेल्यासारखे पडून राहते. फार हलके झाले तर वाहून जाते. कोळंबी गळास कोठे लावावी? शेपटीच्या टोकाशी, म्हणजे ती जिवंत राहते आणि हालते. गाठ कशी बांधावी? येथे आमचा पहिला पराभव झाला. तांडेलकाकांनी गाठ बांधून दाखविली, सोडली, पुन्हा बांधली. आम्ही बांधली ती ओढताच सुटली. एकदा, दोनदा, पाच वेळा सुटली. ते दर वेळी तितक्याच संथपणे पुन्हा बांधून दाखवीत. "ओल्या तंगुसाला ओली गाठ. आधी थुंकी लावा," असे म्हणून त्यांनी सहाव्या वेळेस आमची बोटे आपल्या बोटांत धरली, आणि गाठ बसली. भाचा शेजारी बसून खिदळत होता. त्यास त्यांनी फक्त विचारले, "तू कितव्यांदा शिकलास रे?" भाचा गप्प झाला.

ओहोटीने उघडी पडलेली वाळू ओली चकचकीत दिसत होती. आम्ही पाण्यात शिरणार, तोच त्यांनी दंड धरला. पाऊल उचलून टाकावयाचे नाही, घासत न्यावयाचे. कारण वाळूत पाकट दडून बसलेली असते, तिच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. पाय घासत गेले की ती आपण होऊन सरकते. पाण्याकडे पाठ करावयाची नाही. आणि पुढे जाताना आपल्या मागे खोलगट भाग राहिला आहे का, हे पाहून ठेवावयाचे. कारण पाणी आधी मागच्या खळग्यात भरते आणि पुढची उंच वाळू बेट होऊन बसते. हे तिसरे वाक्य मुलांनी व पालकांनी विशेष ध्यानात ठेवावे, अशी आमची विनंती आहे. भरती समोरून येते अशी आपली समजूत असते. ती पुष्कळदा पाठीमागून येते.

त्या दिवशी पाणी वळले तो क्षण आम्ही प्रथमच पाहिला. काही गाजावाजा झाला नाही. एक वाळलेले पान बाहेर वाहत चालले होते. ते थांबले, क्षणभर जागीच फिरले आणि आत येऊ लागले. "आली," तांडेलकाका म्हणाले. आम्ही गळ टाकला. तंगूस तर्जनीवरून घेऊन हलकेच धरावयाचा, मुठीत आवळावयाचा नाही, असे त्यांनी बजावले होते. कारण मूठ बहिरी असते, बोट ऐकते. आम्ही बोटाने ऐकू लागलो. पहिल्या तासात चिंबोऱ्यांनी तीनदा आमिष खाल्ले, आणि आम्हांस ते परत ओढून काढीपर्यंत पत्ताही लागला नाही. पुढे एकदा जोराचा हिसका बसला, आम्ही विजयाने आरोळी ठोकली, आणि हाती आला तो शिंगाळा. आम्ही त्यास धरावयास हात पुढे करताच तांडेलकाकांनी आमच्या मनगटावर चापट मारली. शिंगाळ्याच्या पाठीवर व दोन्ही बाजूंच्या परांत विषारी काटे असतात. नवशिक्याने त्यास हात लावू नये. सव्वादोन वाजता भरती पुरी झाली, तेव्हा आमच्या टोपलीत तो एकच शिंगाळा होता, आणि तोही तांडेलकाकांनी सोडविलेला.

चतुर्थी व पंचमी याच प्रकारे गेल्या. नाचता येईना अंगण वाकडे, या न्यायाने आम्ही आधी तंगुसास, मग गळास आणि शेवटी समुद्रास दोष दिला. तांडेलकाका ऐकून घेत. षष्ठीस ते म्हणाले, "आज होडीत बसा."

होडी लहान होती; तीन माणसे बसली की भरली. बसण्यापूर्वी त्यांनी आमच्या गळ्यात तरंगते जाकीट अडकविले. पोहता येते असे आम्ही सांगितले, तेव्हा ते म्हणाले की, समुद्रात बुडणाऱ्यांपैकी पुष्कळांना पोहता येत असते. होडीचे नियम थोडे आहेत, पण त्यांत सवलत नाही. मध्यभागी पाय टाकून चढावे. बसावे ते खाली, फळीवर. उभे राहू नये. दोघांनी एकाच बाजूस वाकू नये. वाऱ्याचा रंग बदलला की मासा लागला असला तरी दोर कापून माघारी फिरावे. आणि पावसाळ्यात बाहेर पडूच नये. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस शासनाची बंदी असते. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो आणि पुष्कळ माशांचा तो अंडी घालण्याचा काळ असतो. नवशिक्याने तो नियम आपणासही लागू आहे असेच समजावे.

दुपारी तीनच्या सुमारास भरतीचे पाणी खाडीत जोराने शिरत होते. होडी नांगरून आम्ही गळ सोडला. थोड्याच वेळात बोटास हलका स्पर्श झाला. जणू कोणी दारावर नखाने टकटक केली. मग दुसरा. मग तंगूस एकदम धावू लागला. "सोडा! जाऊ द्या त्याला!" असे तांडेलकाका ओरडले. पण आमच्या कानांत रक्त घुमत होते. चार दिवसांचे अपयश, भाच्याचे हसणे, बहिणीस दिलेले वचन, हे सारे एकवटून आमच्या मुठीत आले. आम्ही तंगूस मुठीत घट्ट आवळला आणि, लिहिण्यास लाज वाटते, होडीत उभे राहिलो. होडी एका अंगास कलली. तांडेलकाकांनी स्वतःचे शरीर दुसऱ्या बाजूस झोकून ती सावरली. त्याच वेळी पाण्यावर रुपेरी पाते चमकले. हाताएवढा लांब रावस क्षणभर दिसला, तंगूस तुटला, आणि आमच्या तळहातावर एक बारीक लाल रेघ मात्र उरली.

आम्ही मटकन खाली बसलो. आता बोलणे ऐकावे लागणार, याविषयी आम्हांस शंका नव्हती. आमच्या चुकीने तिघांचा जीव धोक्यात आला होता. त्यांत बहिणीचा दहा वर्षांचा मुलगा होता. तो भ्यालेला होता आणि या वेळी हसत नव्हता. आम्ही त्यांच्या जागी असतो तर काय म्हणालो असतो, ते आम्हांस पुरते ठाऊक होते. ते वाक्य तयारच होते, नववीच्या वर्गात वापरलेले. तांडेलकाकांनी खाडीचे पाणी घेऊन आमचा तळहात धुतला, वरून फडके बांधले, नांगर उचलला आणि होडी काठाकडे वळविली. मग वल्हे मारता मारता शांतपणे विचारले, "काय झाला, मास्तर? पहिल्यापासून सांगा."

आम्ही सांगितले. प्रथम स्पर्श, मग दुसरा, मग धाव, मग मूठ. सांगता सांगता चूक कोठे झाली, ते आमचे आम्हांसच दिसले. त्यांना काही सांगावे लागले नाही. काठ आला तेव्हा ते म्हणाले, "आता नाय विसरायचे तुमी. उद्या भरतीची येल पाऊन तास पुढं."

त्या संध्याकाळी वाळूत बसलो असता आम्ही त्यांस विचारले, "काका, पाणी चढत असताना रावस गळास लागतो आणि पाणी थांबले की लागत नाही, असे का?" साठ वर्षे ज्याने हा समुद्र पाहिला, तो माणूस थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "नाय ठाव. माझ्या बापालापन नव्हता ठाव. कोलंबी पान्याबरोबर सरकते म्हनून असेल. तुमी पुस्तकात पघा, सापडला तर मला सांगा."

वाचकहो, हे शब्द त्यांनी किती सहज उच्चारले! त्यांची मान खाली गेली नाही, आवाज बदलला नाही, आमच्या दृष्टीने त्यांची थोरवी तिळभर उणी झाली नाही. उलट, त्यांनी जे जे ठाऊक आहे म्हणून सांगितले होते, त्यावर आमचा विश्वास दुणावला. ज्याला आपले ज्ञान कोठे संपते हे सांगता येते, त्याच्याच ज्ञानावर होडी घालावी. आम्ही मात्र सोळा वर्षे, कोठे संपते ते झाकण्यात घालविली होती. आणि एका मुलाने त्या जागेवर बोट ठेवले, तेव्हा त्याचे बोटच मुरगळले होते. त्या रात्री आम्हांस लवकर झोप आली नाही.

नवमीस आमचा परतीचा दिवस. नऊ पाऊणे पावणेसात. म्हणजे भरती सूर्योदयाच्या वेळी. पहाटे साडेचारास आम्ही तिघे कोटाच्या तटाखाली वाळूत जाऊन उभे राहिलो. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी. उधाणासारखी त्याची ओढ नसते, ते दबकत चढते. चंद्र मावळला होता. कोर्लईच्या दीपगृहाचा झोत पाण्यावरून ठरल्या वेळाने फिरून जात होता, एरवी सर्वत्र काळोख. डोळ्यांनी काही दिसत नसल्यामुळे असेल, आमच्या बोटास त्या दिवशी बरेच ऐकू आले. कोळंबीचे हालणे कळले, शिशाचे वाळूवरून घसरणे कळले, चिंबोरीचे कुरतडणेही निराळे ओळखता आले. रावसाच्या चार धाग्यांचे महत्त्व त्या वेळी आम्हांस यथार्थ समजले.

दिशा उजळू लागल्या तेव्हा ती नखाची टकटक झाली. आम्ही श्वास रोखला. दुसरी झाली. तंगूस धावला, आम्ही बोट सैल केले आणि त्यास धावू दिले. थांबला तेव्हा हात-दोन हात घेतला. पुन्हा धावला, पुन्हा दिला. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी उथळ पाण्यात एक रुपेरी तडफड दिसली. रावस! आमचा पहिला रावस! लांबी म्हणाल तर वीतभर.

तांडेलकाकांनी ओल्या हाताने त्यास उचलले, गळ सोडविला आणि आमच्या ओंजळीत दिले. त्याचे धागे आमच्या बोटांवरून फिरले. "लहान हाय," ते म्हणाले. "आत्ताशी शिकतोय तो. सोडा त्याला." आमच्या मनात क्षणभर मोह झाला, बहिणीचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आले. पण आम्ही गुडघाभर पाण्यात जाऊन ओंजळ बुडविली. तो थोडा वेळ तेथेच थबकला आणि मग गेला.

पुढे पुस्तकात पाहता कळले की, तांडेलकाकांच्या बोलण्यात मोठे शास्त्र होते. रावस आयुष्याच्या आरंभी नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. सारेच पिल्लू असताना धरले, तर अंडी घालावयास माता उरावयाची नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने अनेक जातींच्या माशांकरिता पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, तिच्यामागेही हाच विचार आहे: लहानास वाढण्यास अवधी द्यावा.

सुट्टीनंतर शाळा उघडली. नववीच्या वर्गात गेल्याबरोबर आम्ही काहीही न शिकविता फळ्यावर ते जुने चित्र काढले. मग शेवटच्या बाकाकडे पाहून म्हणालो, "जुलै महिन्यात तुमच्यापैकी एकाने मला एक प्रश्न विचारला होता. मला त्याचे उत्तर येत नव्हते. तसे सांगण्याऐवजी मी त्याला हसण्यावारी नेले. चूक माझी होती. आता उत्तर पाहून आलो आहे." वर्ग स्तब्ध झाला. आम्ही सांगितले की, चंद्राची ओढ जवळच्या वस्तूवर अधिक आणि दूरच्या वस्तूवर कमी असते. चंद्राकडील पाणी जवळ. ते पृथ्वीच्या गोळ्यापेक्षा अधिक ओढले जाते, म्हणून पुढे येते. पलीकडचे पाणी दूर. त्याच्यापेक्षा पृथ्वीचा गोळाच अधिक ओढला जातो, म्हणून ते पाणी मागे राहते. एक पुढे गेल्यामुळे फुगते, दुसरे मागे राहिल्यामुळे फुगते. म्हणूनच दिवसातून बहुधा दोन भरत्या.

तो मुलगा काही बोलला नाही. खाली मान घालून वहीत लिहीत राहिला. आम्हांस वाटले, उशीर झाला. तुटलेला तंगूस असा जुळत नसतो. आम्ही पुढचा पाठ सुरू केला. तासाचे शेवटचे पाच मिनिट राहिले असता शेवटच्या बाकावरून एक हात हळूच वर आला.

"सर, दोन्ही फुगे सारखे असले, तर मग दिवसाच्या दोन भरत्या सारख्याच उंच येतात का?"

रेवदंड्यास दुपारचे व रात्रीचे पाणी एकाच खुणेपर्यंत चढत नसे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. पण तसे का, याचा विचार केला नव्हता. आम्ही फळ्याकडे पाहिले, खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "नाही, सारख्या येत नाहीत. का, ते मला ठाऊक नाही. तू शोध, मीही शोधतो. सोमवारी एकमेकांस सांगू."

सोमवारी त्याने आम्हांस गाठले ते वर्गात नव्हे, शाळेच्या फाटकाशीच. चंद्र नेहमी विषुववृत्ताच्या बरोबर वर नसतो, कधी उत्तरेस, कधी दक्षिणेस असतो, म्हणून फुगे तिरपे पडतात आणि एकाच गावास एक भरती मोठी व एक लहान मिळते, हे त्याने ग्रंथालयातून शोधून आणले होते. आम्हीही तेच शोधले होते. पण ते त्यास कळू दिले नाही.

विद्यार्थीहो, तुम्हांपैकी कोणी कोकणात गेलात, तर जाणत्या माणसाची सोबत घेऊनच पाण्यात उतरा, जाकीट घाला, होडीत उभे राहू नका, आणि वीतभर मासा हाती आला तर त्यास परत पाण्यात सोडा. पालकांस आमची एवढीच विनंती की, मुलाने घरी एखादी आडवीतिडवी शंका काढली आणि उत्तर ठाऊक नसले, तर तसे त्यास मोकळेपणाने सांगावे. आम्ही पुढील दिवाळीस पुन्हा रेवदंड्यास जाणार आहो. तांडेलकाकांच्या एका प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे अद्याप येणे आहे. आणि त्या शोधात आता नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी आमचा भागीदार आहे.